आबांच्या रिमा भंगारात देऊ नकोस

सातारा, रविवार रात्र

प्रिय दिग्या,

तुझ्या दोन पत्रांना उत्तर दिलं नाही, त्याबद्दल नंतर हवं तेवढं रागव, आधी हे वाच. तू पाठवलेले फोटो आज मोठे करून पाहिले. आबांच्या जीपच्या पाचही रिमा दुकानदार भंगाराच्या भावात घेतो आणि पंधरा इंची अलॉय नि २३५ चे (म्हणजे २३५ मिलिमीटर रुंदीचे) टायर बसवून देतो म्हणतोय. तू हो म्हणून बसलास का? नसशील तर उद्या दुकान उघडताच फोन कर आणि रिमा घरी आण. आमच्याकडे सगळे बरे आहेत, गुडघाही ठीक.

टायर काय, पैसे टाकले की मिळतात. सोळा इंची, साडेचार इंच रुंद, न कुजलेल्या मूळ रिमा पुन्हा जमवताना तुझी दमछाक होईल.

दुकानदार ‘साइज सेम आहे’ म्हणतो, ते उंचीपुरतं जवळपास खरं आहे. टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या पाऊणपट: २३५ चे पाऊण १७६ मिलिमीटर, वर-खाली दोन्हीकडचे ३५२, त्यात रिमचे ३८१, झाले ७३३. आबांच्या जीपचा मूळ टायर सहाशे सोळा (६.००-१६, म्हणजे सहा इंच रुंद, सोळा इंची रिमचा) ७२०-७३० भरतो. घोळ आहे तो रुंदीत. सहा इंच म्हणजे १५२ मिलिमीटर. तिथे तू २३५ घालणार. पूर्ण वळणावर टायरची आतली कड स्प्रिंगच्या पाट्यांना घासणार. मग तोच दुकानदार स्पेसर (हब आणि रिमच्या मध्ये घालायची जाड चकती) सुचवेल किंवा चाक बाहेर काढणाऱ्या ऑफसेटची रिम देईल. चाक किंगपिनच्या (ज्या खिळीवर पुढचं चाक वळतं तिच्या) रेषेपासून जितकं बाहेर, तितका प्रत्येक दगडाचा झटका स्टीअरिंगवर जास्त. नंदूच्या गाडीला २३५ शोभतात, पण तिला पॉवर स्टीअरिंग आहे रे! आबांच्या सीजे-थ्रीबी जीपला आहेत तुझे दंड आणि ९ इंची ब्रेक ड्रम. किंगपिनची आणि हबची बेअरिंगं लवकर ढिली होतील, आणि कुंभार्ली घाट उतरताना पुढची चाकं थरथरायला लागली की तुला आबांची आठवण येईल. त्यात चाकं मडगार्डच्या बाहेर आली की चिखल तोंडावर आणि पासिंगला अडचण वेगळी.

शिवाय तुझ्याकडच्या तांबड्या चिखलात अरुंद चाकच बरं. ते वरचा राडा कापून खालच्या कठीण थराला टेकतं. रुंद चाक वरच तरंगत फिरत राहतं. गुहागरच्या वाळूत उलट होतं, हे तुझं म्हणणं मान्य, पण तिथे हवा १५-१६ पौंडांवर आणली की सहाशे सोळाही चालतो. परत डांबरावर येताना हवा भरायला विसरू नकोस.

आता तू सातशे सोळाचा (७.००-१६) विषय काढशील, कॉलेजपासून काढतोयस. पुन्हा सांगतो: तो सहाशे सोळापेक्षा दोन इंचांनी उंच, सात-आठ टक्के. डिफरन्शियलचं गुणोत्तर ५.३८ आहे; सहाशे सोळावर ताशी ६० ला इंजिन मिनिटाला २४०० फेऱ्यांच्या आसपास फिरतं, सातशे सोळावर २२०० ला. सपाटीला छान वाटेल, घाटात तिसऱ्याऐवजी दुसरा टाकावा लागेल. ब्रेकला जोर जास्त लागेल, आणि काटा ६० दाखवेल तेव्हा गाडी ६४-६५ ने पळत असेल.

तेव्हा सहाशे सोळाच घे, पण डोळे उघडे ठेवून. याच मापाचे ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाचे टायर प्रत्येक तालुक्यात मिळतात आणि जीपला म्हणून खपवले जातात. तीन सरळ पट्ट्या आणि बाजूला ‘एफ-२’ दिसलं की परत दे. ते ताशी ३०-४० किलोमीटरसाठी असतात. रस्त्यावर तापतात आणि ओल्यात ब्रेकला धरत नाहीत. सहा प्लायचे (थरांच्या ताकदीचे) पुरे. गाडी टनभराची, आठ प्लायवर ती नुसती उडेल. रेडियलचा मोह झाला तर २०५/८० आर १६ दाखवतील, पण त्याला किमान पाच इंची रिम लागते, तुझी साडेचारची आहे.

पाचही टायर एकाच मेकचे, एकाच नक्षीचे घे, स्टेपनीसुद्धा. दोन नवे दोन जुने केलंस तर फोर-व्हीलमध्ये पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल एकमेकांशी झगडतात, ट्रान्सफर केस (दोन्ही अ‍ॅक्सलना ताकद वाटणारा गिअरबॉक्स) पिळली जाते आणि लिव्हर बाहेर निघता निघत नाही. टायरच्या बाजूवर कोरलेली तारीख पाहा: कोडचे शेवटचे चार आकडे, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. तुझ्या फोटोतल्या टायरवर ‘४११४’ आहे, म्हणजे २०१४ चा एक्केचाळिसावा आठवडा! खाचा कितीही खोल असू देत, ते रबर मेलेलं आहे.

रिमांचं असं कर. गाडी जॅकवर घे, रिमच्या कडेशी खडू धरून चाक फिरव; दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त डुलली तर ती रिम स्टेपनीलाही नको. नटांची भोकं लांबट झाली आहेत का, भोकांभोवती चीर आहे का, बघ. टायर बसतो तिथला गंज तारेच्या ब्रशने काढून रेड ऑक्साइड मार, पण नट टेकतात तिथे रंगाचा थर नको. तो दबतो आणि नट ढिले होतात. ट्यूब नव्या घाल, संगजिरे चोळून. हवा एकदा भर, पूर्ण सोड, पुन्हा भर, म्हणजे ट्यूबची घडी निघते. सुरुवात २६-२८ पौंडांनी.

आणि डाव्या बाजूचे नट. आपलं जुनं भांडण, पण पंक्चरवाल्याच्या पोराने पाइप लावून स्टड (नट बसतो तो बोल्ट) तोडण्याआधी स्टडच्या टोकावर ‘एल’ कोरलाय का पाहा. असेल तर आटे उलटे, घड्याळाच्या दिशेने सुटतात. मधल्या काळात कोणी स्टड बदलले असतील तर सरळही निघतील, म्हणून प्रत्येक चाक वेगळं तपास. नट एकाआड एक आवळ, ७० फूट-पौंडांच्या आसपास, आणि ५०-६० किलोमीटरवर पुन्हा.

प्राजूला दहावीबद्दल शाबासकी. स्लॅबची गळती थांबली का? वहिनींना नमस्कार.

रिमा घरी आल्या की पाचही भिंतीला टेकवून फोटो पाठव, नटांच्या बाजूने.

तुझा,
विन्या