‘जॉनी, आय हार्डली न्यू या’चे मूळ

रविवारच्या पुरवणीत ‘जॉनी, आय हार्डली न्यू या’ या आयरिश युद्धविरोधी गीतावरील लेख वाचला. गीताचा आशय लेखात उत्तम उलगडला आहे, मात्र मुळाबद्दलचे विधान पटले नाही. हे सिलोनमधील (आजच्या श्रीलंकेतील) कँडी राज्याविरुद्ध ब्रिटिशांनी केलेल्या युद्धांच्या काळातले लोकगीत असून त्यावरूनच ‘व्हेन जॉनी कम्स मार्चिंग होम’ हे अमेरिकी यादवी युद्धातले विजयगीत बेतले गेले, असे त्यात म्हटले आहे. छापील पुरावा नेमका उलट आहे. आयर्लंडमध्ये जन्मलेले बँडप्रमुख पॅट्रिक गिलमोर यांचे हे अमेरिकी गीत १८६३मध्ये टोपणनावाने प्रसिद्ध झाले. आयरिश मानले जाणारे गीत त्यानंतर, १८६७मध्ये लंडनला छापले गेले. ते जोसेफ गेगन यांनी रंगमंचावर गाण्यासाठी लिहिले होते आणि तेही विनोदी गीत म्हणून!

डोळे, हात, पाय गमावून परतलेला नवरा आणि आयर्लंडमधील अॅथी गावाच्या रस्त्यावर त्याला भेटलेली, त्यानेच टाकून दिलेली बायको. त्या काळच्या प्रेक्षकांना यात हसू आले, हे आज वाचताना अंगावर काटा येतो. ‘आमची मुले पुन्हा नेऊ देणार नाही’ हे ठणकावणारे शेवटचे कडवेही मूळ गीतात नाही; ते विसाव्या शतकातली भर आहे. म्हणजे या गीताला युद्धविरोधी अर्थ दिला तो नंतरच्या गायकांनी आणि श्रोत्यांनी. त्याचे श्रेय त्यांना मिळायला हवे. काल्पनिक प्राचीनतेत ते श्रेय हरवते.

– एक वाचक, सातारा