ती. आई-बाबांस, पणजीहून

ती. आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

परवा फोनवर आई एकदम गप्प झाली, तेव्हाच ठरवलं की हे सगळं लिहूनच कळवायचं. फोनवर तुमचा जीव वरखाली होतो आणि माझं बोलणं अर्धवट राहतं.

होय, मी मोटारसायकल शिकते आहे. गिअरची. शिकाऊ परवाना मिळून तीन आठवडे झाले, गाडीला पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’ लावला आहे. शिकवायला शेजारचे काका येतात. तीस वर्षं ते पणजीत पायलट होते, पिवळ्या मडगार्डाच्या मोटारसायकलवर मागे बसवून गिऱ्हाइकं पोचवायचे. शिकाऊ माणसाला शिकवणाऱ्याशिवाय कुणालाही मागे बसवता येत नाही, तसा नियमच आहे. म्हणून आई, तुला मंगेशीला न्यायचं थोडं लांबलं.

क्लच सोडताना गाडी बंद पडणं, चुकून तिसऱ्या गिअरवर निघणं, हे सगळं पहिल्या आठ दिवसांत कांपालला पहाटे उरकलं. त्यात काही अवघड नव्हतं. अवघड आहे ती रहदारी.

बाबा, मागच्याला अडवून धरू नये, हे तुम्ही आम्हाला लहानपणापासून सांगितलंत. ते इतकं भिनलं आहे की मागून हॉर्न वाजला की माझा हात आपोआप रेस देतो. गेल्या मंगळवारी रायबंदरच्या रस्त्यावर तेच झालं. तो रस्ता तुम्हाला माहीत आहे, एका अंगाला मांडवी, दुसऱ्या अंगाला मिठागरं, मधून पोर्तुगीजांनी १६३४च्या सुमारास बांधलेली अरुंद सरळ वाट. पाऊस नुकताच उघडला होता. काटा ३५ वर. मागून एक बस आली आणि हॉर्नवर हॉर्न सुरू झाला. मी घाबरून वेग वाढवत ५५ वर गेले. तेवढ्यात पुढच्या मोटारीने खड्डा बघून ब्रेक मारला, आणि मी पुढचा ब्रेक गच्च आवळला. चाक सरकलं. १२५ सीसीवरच्या नव्या गाड्यांना २०१९पासून एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी सोय, सक्तीचं आहे, पण माझी त्याआधीची, सेकंडहँड. काका मागून ओरडले, “ब्रेक सोड!” हात सैल केला तशी चाकाने परत पकड घेतली. पडले नाही. पण पाटोला पोचल्यावर गाडी स्टँडला लावताना पाय थरथरत होते. काका फक्त एवढंच म्हणाले, “ताका रावूं दी फाटल्यान.” त्याला राहू दे मागे.

त्या रात्री मी हिशोब मांडून पाहिला. ताशी ४० ला गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते, ६० ला जवळजवळ १७. ब्रेक लावावा हे डोक्यात येऊन हात हलेपर्यंत तेवढं अंतर संपलेलं असतं. त्यानंतर थांबायला लागणारी जागा ६० ला ४० च्या सव्वादोन पट, आणि ओल्या रस्त्यावर त्याहून जास्त. केंद्राच्या २०१८च्या अधिसूचनेप्रमाणे शहराच्या हद्दीत दुचाकीला ताशी ६० पर्यंत मुभा आहे, पाटीवर कमी लिहिलं असेल तर पाटी खरी. पण ती मुभा हात बसलेल्या माणसासाठी, कोरड्या रस्त्यासाठी आहे, असं मी माझ्यापुरतं धरलं आहे.

आई, “हळू चालव” हे तुझं म्हणणं मी पाळते, पण सगळीकडे तेवढ्यावर भागत नाही. चौपदरी महामार्गावर, जिथे दुचाकीलाही ८० ची मुभा आहे, तिथे ३० ने रांगणं हाही धोकाच. म्हणून तो रस्ता मी अजून घेतच नाही. गल्लीच्या रस्त्यांवर मात्र मी माझ्याच वेगाने जाते. डांबर संपून तांबडी माती सुरू होते त्या कडेला जात नाही, तिथे चाक घसरतं. गाड्यांच्या डाव्या चाकांच्या पट्ट्यातून चालवते, आरशात बघते, आणि रुंद जागा आली की डावा इंडिकेटर देऊन मागच्याला पुढे काढते. बाबा, तुमची शिकवण मोडलेली नाही. फक्त वाट कुठे द्यायची ते आता मी ठरवते.

शिकाऊ परवान्याला तीस दिवस भरले की पक्क्या परवान्याची परीक्षा. आठाच्या आकड्यात पाय न टेकवता गाडी फिरवायची आहे. चवथीला मात्र मी कदंबाच्या बशीनेच येईन, गणपतीवर बांधायच्या माटोळीचं सामान साखळीला घेते.

आता बाबा, तुमच्याविषयी. केरीहून वाळपईला जाताना तुमचं हेल्मेट आरशाला लटकलेलं असतं, हे मला माहीत आहे. चोर्ल्याच्या घाटातून उतरणारे ट्रक आपल्या केरीतूनच जातात. तुम्ही चाळीस वर्षं गाडी चालवलीत, पण परवा माझं चाक सरकलं तेव्हा मागे बसलेल्या काकांचीही तीस वर्षं होती. मागे बसणाऱ्यालाही कायद्याने हेल्मेट हवंच, म्हणून आईसाठीही एक घेते आहे. दोन्ही आयएसआय खुणेची. भुवयांच्या जरा वर दोरा गुंडाळून दोघांच्या डोक्याची मापं सेंटिमीटरमध्ये कळवा. आई, अंबाडा सोडून माप घे.

तुमची,
बाय