वही काढून घेणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र मुद्दामच सगळ्यांसमोर लिहितेय. समोरासमोर आभार मानायला लागलं की तुम्ही विषय बदलता आणि बॅटरी चार्जिंगला लावली का, असं विचारता. इथे तुम्हाला मला मध्येच तोडता येणार नाही.

भूभौतिकी मी तुमच्याकडे येण्याआधीही शिकले होते, म्हणजे तसं प्रमाणपत्र आहे माझ्याकडे. पदवीला रेझिस्टिव्हिटी मीटर, म्हणजे जमीन विजेला किती विरोध करते हे मोजायचं यंत्र, कपाटात कुलूपबंद असायचा. तपासणी समिती आली की पुसून टेबलावर मांडायचा, समिती गेली की परत कपाटात. आम्हाला मिळायची जुन्या बॅचच्या रीडिंगची झेरॉक्स. तिच्यावरून आलेख काढा, जर्नलवर सही घ्या, झालं फील्डवर्क. कधीमधी खरोखर बाहेर पडलोच तर मुलं केबल ओढणार, यंत्रावर सर स्वतः बसणार आणि माझ्या हातात वही. ‘तुझं अक्षर छान आहे ना!’ कौतुकच ते, त्यामुळे भांडायचीही सोय नाही.

तुमच्या कॅम्पात पहिल्या सकाळी मी सवयीनेच वही उघडली, समास आखला. तुम्ही ती माझ्या हातातून काढून घेतलीत. ‘लिहायचं मी बघतो. तू यंत्रावर बस.’ एवढंच बोललात आणि मातीत मांडी घालून बसलात. खरं तर तुमचं काम उपकरणं चालू ठेवण्याचं. विद्यार्थ्यांना शिकवा, असं तुमच्या नेमणुकीत कुठे लिहिलेलंही नसेल.

वेनर मांडणी मला सूत्रासकट पाठ होती. चार इलेक्ट्रोड, म्हणजे जमिनीत ठोकायच्या धातूच्या कांड्या, एका रेषेत, सारख्या अंतरावर. बाहेरच्या दोघांतून जमिनीत प्रवाह सोडायचा, आतल्या दोघांमधलं व्होल्टेज मोजायचं. अंतर वाढवत नेलं की खोलवरच्या थरांची माहिती मिळते. फ्रँक वेनर यांनी १९१५ मध्येच हे मांडून ठेवलंय. पण आकडा मध्येच भलतीकडे उडाला तर काय करायचं, हे पाठ करून येत नाही.

तसा तो उडालाच. मी मोठ्याने सांगितला. काहीतरी बिघडलंय हे तुम्हाला ऐकताक्षणी कळलं असणार. तरी तुम्ही मान वर केली नाहीत, ‘नीट बघ’ म्हणाला नाहीत. सांगितला तसा लिहून घेतलात आणि पेन्सिल कागदावर टेकवून थांबलात. काका, ते थांबणं मी विसरणार नाही. मी पुन्हा यंत्राकडे बघितलं. ‘प्रवाहच नीट जात नाहीये. टोकाच्या इलेक्ट्रोडपाशी माती कोरडी असेल का?’ यावर तुम्ही वही बाजूला ठेवलीत, मिठाच्या पाण्याचा कॅन उचललात आणि रणरणत्या उन्हात स्वतः टोकापर्यंत चालत गेलात. पाणी ओतलंत, हातोड्याचे घाव घातलेत, तिथूनच हात वर केलात. आता आकडा आजूबाजूच्या आकड्यांशी जुळला. मग प्रवाहाच्या आणि व्होल्टेजच्या जोड्या अदलाबदल करून तोच आकडा येतो का, हे तुम्ही माझ्याकडूनच तपासून घेतलंत. आधीचं रीडिंग खोडलंही नाहीत. त्याच्यापुढे लिहिलंत: ‘माती कोरडी, पाणी घातले.’

मॅग्नेटोमीटरच्या, म्हणजे चुंबकीय क्षेत्र मोजायच्या, दिवशीही तेच. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र साधारण २५ ते ६५ हजार नॅनोटेस्ला, आणि आपण कित्येकदा त्यातला दहा-वीस नॅनोटेस्लाचा फरक शोधत असतो. खिशातला किल्ल्यांचा जुडगाही रीडिंग बिघडवतो. यावर आम्ही आधी तासभर व्याख्यान ऐकलेलं होतं. तुम्ही एक शब्द न बोलता पट्टा, किल्ल्या, मोबाइल काढून पेटीत टाकलेत. मागोमाग अख्खा गट रिकामा झाला.

हल्ली ज्युनिअर मुलांना मीच शिकवते, तेव्हा समजतं की आपल्याला येणारी गोष्ट दुसऱ्याच्या हातून अडखळताना बघत बसणं किती जड जातं. हात शिवशिवतात. ज्ञान दाखवणारे मला ढिगाने भेटले, आणि ते सगळे वाईट होते असंही नाही. पण आपली जागा दुसऱ्याला देऊन वर त्याच्यासाठी पाण्याचा कॅन वाहणारी भली माणसं विरळाच. अशांना पुरस्कार मिळत नाहीत. बहुधा अशांची पदोन्नतीही रखडलेली असते, पण तो विषय निघाला तर पत्र लांबेल.

तर, अहवाल जमा केलाय. ‘उपकरण हाताळणी’ या रकान्यात माझं नाव आहे. ‘क्षेत्रनोंदी’ या रकान्यात तुमचं घातलंय. तुम्ही नको म्हणणार हे माहीत होतं, म्हणून विचारलं नाही. आणि एक तक्रार: तुमचा एक कुठला आणि सात कुठला हे ठरवताना आमची अख्खी संध्याकाळ गेली. अक्षर सुधारा.

तुमची विद्यार्थिनी