पूर्णगडची गाडी सुटल्यावर ठरलेलं

प्रिय ताई,

तुझ्या जुन्या नंबरवर तीनदा फोन केला. तिन्ही वेळा कुणी गृहस्थ बोलले, शेवटच्या वेळी जरा वैतागूनच. म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहितेय. खरं तर नंबर लागला असता तरी उघडच लिहायला हवं होतं. ज्या गोष्टीबद्दल आभार मानायचेत ती तू चारचौघांत केलीस, आणि ज्या गोष्टीची मला लाज वाटते तीही चारचौघांतच घडली. तुझं नाव घालत नाही. आपल्या विद्यार्थी मंडळातल्यांना त्याची गरज नाही आणि बाकीच्यांना त्याचा उपयोग नाही.

मी २०१७ च्या जूनमध्ये रत्नागिरीला एफ.वाय.ला आले तेव्हा तू टी.वाय.ला होतीस. आपल्या मंडळाला कुठल्याच पक्षाचा झेंडा नव्हता, पण प्रत्येक पक्षाचा एकेक भाचा मात्र मंडळात होता. त्या वर्षी सगळ्यांच्या अंगात आलं होतं, कारण नवा विद्यापीठ कायदा नुकताच लागू झाला होता आणि त्यात विद्यार्थ्यांच्या थेट निवडणुका परत आणल्या होत्या. मध्ये दोनेक दशकं महाराष्ट्रात वर्गप्रतिनिधी मार्कांवर नेमले जायचे. मामाला मी कौतुकाने हे सांगितलं तर तो म्हणाला, "मतं मिळवायला मार्क लागत न्हाईत, गाडी लागते." तेव्हा मी हसले. गाडी म्हणजे त्याला मोटारसायकल म्हणायचं होतं. मला कळायला वेळ लागला.

माझी गाडी म्हणजे लाल डबा. संध्याकाळी पावणेसातची पूर्णगड. भाट्ये पुलावरून फणसोप, गोळप, पावस करत जायची आणि मी पूर्णगडच्या अलीकडे उतरायचे. ती चुकली की मग रात्री गावात मुक्कामाला येणारी वस्तीची, आणि वस्तीच्या गाडीने एकटी मुलगी उतरली की दुसऱ्या दिवशी विहिरीवर विषय. मंडळाची बैठक पाचला सुरू व्हायची. सव्वासहाला माझं लक्ष घड्याळाकडे. साडेसहाला मी चप्पल शोधत असायचे आणि नेमकी तेव्हाच चर्चा रंगात यायची.

बैठक संपली की बाकीचे टपरीवर. तिथून तिघं-तिघं एका बाइकवर बसून मांडवीच्या जेटीवर. तिथे म्हणे गाणी व्हायची, कोकणचे खासदार नाथ पै यांच्या भाषणांचे किस्से व्हायचे, आणि सांगणारे असे सांगायचे की जणू पहिल्या रांगेत बसून ऐकलंय. (तू एकदा त्यांतल्या एकाला म्हणालीस, "नाथ पै १९७१ साली गेले. तुझा बाप तेव्हा पाटीवर गिरवत होता." त्यानंतर तो किस्सा बंद झाला, काही दिवस.) मी जेटीवर कधी गेले नाही, पण दुसऱ्या दिवशी जेटी माझ्यापर्यंत यायची, तीन शब्दांत: "काल ठरलं ना."

काल ठरलं ना. कार्यक्रमाला कुणाला बोलवायचं, मुंबईला कोण जाणार, वर्गणी किती. कुणी मुद्दाम करत नव्हतं, हे मी आजही म्हणेन. चांगली मुलं होती. अंधार पडलेला, समोर पाणी, हातात भुर्जीपाव, अशा वेळी माणसं मोकळी बोलतात आणि बोलता बोलता ठरवून टाकतात.

मग ते खोतीचं प्रकरण झालं. (खोत म्हणजे कुळांकडून सारा वसूल करणारा कोकणातला जमीनदार.) तुला आठवत असेल, नसेलही. मला त्यातलं अक्षर न् अक्षर आठवतं. कोकणातल्या कुळांवरचं टिपण वाचायचं होतं आणि ते मी मागून घेतलं होतं. आमच्या घरी पणजोबा निम्मं भात खोताच्या दारात नेऊन टाकायचे ही गोष्ट आजीच्या तोंडून शंभरदा ऐकलेली. महिनाभर लायब्ररीत बसून मी चरीचा संप वाचला. अलिबागजवळच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून सहा वर्षं जमिनी पडीक ठेवल्या, नारायण नागू पाटलांनी तो लढा चालवला. १९३७ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती मोडायचं विधेयक आणलं, तेही वाचलं. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे आपल्याच जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात, हे तर मला त्याच महिन्यात कळलं. वीस पानं झाली होती. आणि एका मंगळवारी कळलं की टिपण दुसराच वाचणार आहे. काल ठरलं ना.

तू मला व्हरांड्यात धरलंस. "तुझं टिपण कुठाय?"

"ते आता तो वाचणारे. काल ठरलं."

"कुठं ठरलं?"

"मांडवीला."

"किती वाजता?"

मला वाटलं तू माझ्या वतीने भांडायला जाणार, आणि मला घाम फुटला. कारण भांडण झालं असतं तर मी 'ती रडकी' झाले असते. तू भांडली नाहीस. पुढच्या बैठकीत तू फक्त एक विचारलंस: शेवटची गाडी कुणाकुणाची किती वाजता? हात वर करून सांगा.

तो हात वर होण्याचा प्रकार मी विसरणार नाही. आधी कुणीच नाही. मग जाकादेवीची ती बुटकी मुलगी म्हणाली, सहा वीस. मग मालगुंड. मग पाली, हातखंबा, लांजा. दोन मुलगेही होते, आणि त्यांतला एक तर जेटीवर जातो असं आम्हा सगळ्यांना वाटायचं. तो जात नव्हता, स्टँडवर बसायचा. अर्ध्याहून जास्त हात वर होते. तू वहीत वेळा लिहून घेतल्यास आणि खाली तुझ्या त्या तिरक्या अक्षरात एक ओळ लिहून मोठ्याने वाचलीस: "पूर्णगडची गाडी सुटल्यावर ठरलेलं ठरलेलं नाही."

हशा झाला. तूही हसलीस. मग म्हणालीस, "जेटीवर जा, गाणी म्हणा, भांडा, प्रेमात पडा. फक्त ठरवू नका. ठरवायचं ते उद्या दुपारी, डबे उघडून."

टिपण मीच वाचलं. कसं वाचलं ते सोड, पाय लटपटत होते.

त्या दुपारच्या बैठकांबद्दल खूप लिहिता येईल. माझ्या मते आपलं मंडळ खऱ्या अर्थाने जमलं ते डब्यांमुळे. जेटीवर जे सगळ्यांनाच विद्वान वाटायचे त्यांच्या डब्यात काय असतं हे पहिल्यांदा दिसलं. एकाकडे रोज कँटीनचा वडापाव, कारण घरी आई नव्हती. हे दोन वर्षं कुणाला माहीत नव्हतं. माझ्या सुकटीच्या वासाने एकजण खिडकीकडे सरकायचा. तू काही न बोलता त्याच्या पोळीवर चिमूटभर सुकट ठेवलीस, "खा नाहीतर काढून टाक, पण नाक मुरडू नकोस." त्याने काढून टाकली. पण पुढे खिडकीकडे सरकला नाही. गणपतीत तो आमच्या घरी आरतीला आला तेव्हा आईने त्याला घावने आणि काळ्या वाटाण्यांची आमटी वाढली आणि तो तीनदा मागून जेवला.

आणि नाणारच्या रिफायनरीचा वाद! राजापूरकडचा तो, ज्याच्या आत्याची जमीन जाणार होती, आणि लांज्याचा, ज्याचा भाऊ डिप्लोमा करून मुंबईत गाळ्यात झोपत होता. जेटीवर हे दोघं एकमेकांच्या अंगावर गेले असते, गेलेही होते म्हणे. दुपारी डबा पुढ्यात असताना माणूस ओरडला तरी मध्ये घास गिळावा लागतो. मार्च २०१९ मध्ये भूसंपादन रद्द झाल्याची बातमी आली, तेव्हा राजापूरवाल्याने पेढे आणले आणि लांजेवाल्याला आधी दिले नाहीत, शेवटी दिले. त्याने घेतला. खाल्ला नाही, खिशात ठेवला. कोण बरोबर होतं ते मला आजही सांगता येत नाही.

मंडळाच्या एका वादविवादाच्या आदल्या रात्री पोस्टर रंगवता रंगवता माझी वस्तीचीही गाडी चुकली होती. तू मला नाचणे भागातल्या तुझ्या खोलीवर नेलंस आणि आईला फोन लावलास. मला वाटलं तू 'काळजी करू नका काकू' वगैरे म्हणशील. तू फोन सरळ घरमालकिणीच्या हातात दिलास. त्या दोघी पाऊण तास बोलल्या, त्यातली चाळीस मिनिटं बांगड्याच्या भावावर. त्यानंतर आईने मला मंडळाबद्दल कधी एक शब्द विचारला नाही. "त्या बाईच्या घरी रवलीस ना, मग झालं." एवढंच.

आता ते दुसरं लिहिते.

२०१९ च्या जुलैत चिपळूण तालुक्यातलं तिवऱ्याचं धरण फुटलं. आपण भांडी, चादरी गोळा केल्या, आणि मंडळाचा बॅनर न्यायचा नाही असं तू म्हणालीस. त्यावरून काहीजण नाराज झाले. मग कॉलेजच्या निवडणुका होणार म्हणून जाहीर झालं. पुढचं तुला माहीतच आहे. विद्यार्थी निवडणुकांबद्दलच्या लिंगडोह समितीच्या शिफारशी तोंडपाठ झाल्या होत्या सगळ्यांच्या, उमेदवाराला पाच हजारांवर खर्च नाही, पोस्टर हातानेच रंगवलेलं. रोज नवी व्यूहरचना. आणि मग प्रस्ताव आला की निवडणूक होईपर्यंत तुझा नियम बाजूला ठेवावा. "चळवळ एस.टी.च्या वेळापत्रकावर चालत नाही." टाळ्या पडल्या त्या वाक्याला.

मी तेव्हा रत्नागिरीतच, परटवण्याला, आत्याकडे राहायला आले होते. माझी गाडी सुटली होती, म्हणजे मला ती पकडायची नव्हती. दोन महिने मीही जेटीवर जात होते. तिथे खरंच छान वाटायचं ताई. थिबा राजवाड्याच्या बाजूने उतरून यायचं, मागे बसून, वाऱ्यावर. आणि महिला प्रतिनिधी म्हणून माझं नाव जेटीवरच निघालं होतं. तू मला आधी विचारलं होतंस, "महिला प्रतिनिधी का? सचिव का नाही?" आणि मी तुला उत्तर दिलं नव्हतं.

तू विचारलंस, "गाडीवाल्यांपैकी कुणाला काही बोलायचंय?" आणि माझ्याकडे बघितलंस. मी चहाच्या कपात बघत राहिले. त्यावर साय धरली होती, ती सुद्धा आठवते.

जाकादेवीची एकटी बोलली. अडखळत, पण बोलली.

नियम गेला. तू मंडळाचं सचिवपद सोडलंस, तमाशा न करता. वही माझ्या हातात दिलीस, "शेवटचं पान तू लिही." आणि निवडणुका? विधानसभेची निवडणूक तोंडावर आली आणि आमची पुढे ढकलली गेली. ज्यासाठी नियम मोडला ते झालंच नाही. मार्चमध्ये करोनाने कॉलेजच बंद पडलं आणि तुझी-माझी गाठ राहूनच गेली.

मी आता गावच्या ग्रामपंचायतीत सदस्य आहे. हसू नकोस. निम्म्या जागा बायकांच्या, त्यातल्या एकीवर मी. आमच्याकडे जेटी नाही, नाका आहे. रात्री नऊनंतर पाइपलाइन कुठून जाणार, दिवा कुठल्या खांबावर लागणार हे सगळं तिथे ठरतं, आणि सकाळी ग्रामसेवक भाऊ कागद पुढे करतात. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते कायद्याने. ती लागायची सकाळी दहाला. दहाला आमच्याकडची अर्धी बायकामाणसं टोपली घेऊन बाजारात बसलेली असतात. मी मागच्या खेपेला ती दुपारी तीनला घ्यायला लावली, आणि मासिक सभेत उभी राहून म्हणाले, "नाक्यावर ठरलेलं ठरलेलं नाही."

शांतता. मग एक म्हातारे सदस्य म्हणाले, "हे कुणी शिकवलंन् गो तुला?"

मी तुझं नाव सांगितलं. इथे घालत नाही, पण तिथे सांगितलं. दिवा अजून लागलेला नाही, खांबावरून भांडण चालू आहे, पण ते दुपारी तीनला चालू आहे आणि त्यात आठ बायका आहेत.

वही माझ्याकडेच आहे. कडा वाळवीने खाल्ल्यात थोड्या, आतलं शाबूत. शेवटचं पान परवा लिहिलं. तारीख, हजर असलेल्यांची नावं, ठराव, आणि खाली: "पूर्णगड गाडीवाल्या सदस्येला या ठरावाविरुद्ध बोलायचं होतं. ती बोलली नाही." सही केली आहे.

वही तुझी आहे, न्यायला ये. पोस्टाने पाठवणार नाही. संध्याकाळची गाडी चुकली तर चुकू दे, आमच्याकडे खोली आहे. आणि घरमालकीणबाईंचा नंबर असेल तर तोही आण, आई अजून विचारते.

तुझी,
पावणेसातची