प्रत्येक लांब गाडी इम्पाला नसते

मा. संपादक,

रविवारच्या पुरवणीत जुन्या हिंदी चित्रपटांतल्या अमेरिकन गाड्यांवरचा लेख वाचला. विषय घेतलात याचा आनंद वाटला, पण पहिल्याच फोटोखाली ‘नायकाची १९५७ ची इम्पाला’ हे वाचून संताप आला. १९५७ साली इम्पाला नव्हतीच. शेवरलेने हे नाव १९५८ च्या मॉडेलला पहिल्यांदा दिले. फोटोतल्या गाडीच्या पुढच्या काचेत मधोमध पट्टी आहे आणि बॉनेटवर मेंढ्याचे चिन्ह आहे. मेंढा म्हणजे डॉज. आणि डॉज, प्लिमथ, डिसोटो या क्रायस्लरच्या गाड्यांना १९५३ पासून सलग काच आली, म्हणजे ही गाडी त्याआधीची. हे सगळे फोटोतच दिसते, फक्त नीट बघायला हवे.

माझे वडील कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात या गाड्यांच्या जोडणीवर होते. आपल्याकडे आलेल्या डॉज आणि डिसोटोचा सांगाडा बहुतेक प्लिमथचाच असे. पुढची जाळी, बिल्ले आणि बॉनेटवरचे चिन्ह बदलले की गाडीचे नाव बदले. प्लिमथला शिडाचे जहाज, डॉजला मेंढा. त्यामुळे नुसता आकार बघून नाव ठोकून देणे चालत नाही.

काही वर्षांपूर्वी आपल्याच पुरवणीत एका डिसोटोला ब्यूक म्हटले होते. दोन्हींच्या जाळीला उभे जाड दात, पण त्या काळच्या ब्यूकच्या पुढच्या मडगार्डवर बाजूला छिद्रांची रांग असते. त्या फोटोत ती नव्हती. वडिलांनी दोन्ही जाळ्यांची चित्रे काढून आपल्याला पत्र पाठवले. ते छापले नाही, पोचही आली नाही, आणि पुढे तोच मजकूर त्याच चुकीसह पुन्हा आला. वडील फार दुखावले. ज्यांनी या गाड्या स्वतःच्या हातांनी जोडल्या ती माणसे मुंबईत होती, पत्रे लिहीत होती, आणि आपल्याकडून कुणी त्यांना एक फोन केला नाही. आता वडील नाहीत.

लेखातल्या दुसऱ्या फोटोत कदाचित खरी इम्पाला असेलही. ते मागच्या दिव्यांवरून कळते. १९५८ आणि १९६० च्या इम्पालाला प्रत्येक बाजूला तीन गोल दिवे, शेवरलेच्याच, त्याच बांध्याच्या बेल एअर गाडीला दोन. १९५९ ला मात्र मांजराच्या डोळ्यांसारखे आडवे. पण नायिकेचा चेहरा मोठा दिसावा म्हणून आपण गाडीचा मागचा भागच कापून टाकला! गाड्यांवरच्या लेखात?

आणि एकाही फोटोखाली तो टिपणाऱ्या छायाचित्रकाराचे नाव नाही. चित्रीकरणाच्या वेळी ही छायाचित्रे काढणारी माणसे आयुष्यभर निनावी राहिली. निदान आपण तरी ती नावे शोधा.

येत्या रविवारी त्याच पानावर, फोटोसह दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपल्या दैनिकाची जुनी वाचक,
ठाणे