ताई, तुमचा फोन लागला नसता तर

प्रिय ताई,

कौतुक केलेलं तुम्हाला आवडत नाही, म्हणून समोर कधी बोलले नाही. पण हे चारचौघांत सांगायलाच हवं. नवी मुंबईच्या तुर्भे-महापे-रबाळे औद्योगिक पट्ट्यात माझ्यासारखे कितीतरी 'असिस्टंट मॅनेजर' आहेत, आणि वेळ आली की जायचं कुणाकडे हे त्यांना ठाऊक नसतं. मलाही नव्हतं.

२०२३ चा जुलै. दुपारी साडेतीनला एचआरच्या केबिनमध्ये बोलावणं आलं. टेबलावर माझा राजीनामा टाइप करून ठेवलेला, 'वैयक्तिक कारणास्तव'. २१ वर्षं ८ महिने मी त्या कंपनीच्या क्यूसी, म्हणजे मालाचा दर्जा तपासणाऱ्या लॅबमध्ये काढले होते, आणि माझं कसलंही वैयक्तिक कारण नव्हतं. आजच सही करा, सगळं गोडीत मिटेल, असं ते परत परत सांगत होते. पाणी पिऊन येते म्हणून मी बाहेर आले आणि जिन्यात उभी राहून तुम्हाला फोन लावला. नंबर एका जुन्या सहकाऱ्याने कधीतरी दिलेला, 'कामगार संघटनेच्या ताई' म्हणून. तुम्ही मला ओळखतही नव्हता. म्हणालात, "सही करू नकोस. विचार करून कळवते म्हण, पर्स उचल आणि नीघ. संध्याकाळी नियुक्तीपत्र घेऊन ये."

घरी गेले, कपाटातून फाइल काढली आणि पावसात ठाण्याची लोकल पकडली. तुम्ही आधी चहा पुढे केलात. मग स्टीलची पट्टी एकेका ओळीखाली सरकवत पत्र वाचायला लागलात. मी ते पत्र इतक्या वर्षांत एकदाही पूर्ण वाचलं नव्हतं. पट्टी एका कलमावर थांबली: तीन महिन्यांची नोटीस किंवा तेवढा पगार. तिथे पेन्सिलने खूण केलीत आणि सरळ सांगितलंत, "नोकरी वाचेल असं मी सांगत नाही. पण हक्काचा एक पैसाही सोडायचा नाही."

त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा कळलं की आपण नेमके कुठे उभे असतो. तेव्हाच्या १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यात मॅनेजरलाही संघटनेचं सभासद होता येत होतं. पण नोकरीवरून काढलं तर दाद मागायची ती तेव्हा १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याखाली, आणि त्यातल्या 'कामगारा'च्या व्याख्येत मुख्यतः व्यवस्थापकीय काम करणारे बसत नव्हते. देखरेखीचं काम असेल तर तेव्हा मर्यादा होती महिना १०,००० रुपये पगाराची. एवढ्यात लॅबमध्ये कोण मिळणार? मी हिरमुसले. तेव्हा तुम्ही कोरा कागद पुढे सरकवलात. "कार्डावरचा हुद्दा सोड. कोर्ट प्रत्यक्ष काम बघतं. रोज काय करतेस ते लिही. कुणाची रजा मंजूर करतेस? कुणाला कामावर घेऊ शकतेस?" लिहीत गेले तसं उमगलं: सँपल मी लावत होते, एचपीएलसी या तपासणीच्या यंत्रावर मी बसत होते, नोंदी माझ्या हाताने होत होत्या, रजेचा अर्ज मात्र मी फक्त वर पाठवायचे. तोच कागद तुम्ही पुढे कंपनीला दिलेल्या पत्राचा कणा केलात.

आणि ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना सेवेच्या वर्षांप्रमाणे मिळणारी रक्कम! कंपनीच्या हिशोबात मूळ पगार अधिक महागाई भत्ता ५२,००० भागिले ३०, गुणिले १५, गुणिले २१: ५,४६,००० रुपये. तुम्ही कॅल्क्युलेटर माझ्याच हातात दिलात. मासिक पगारदाराला भागाकार २६ ने, आणि सहा महिन्यांच्या वरचा काळ पूर्ण वर्ष धरायचा. म्हणजे ३०,००० गुणिले २२: ६,६०,०००. १,१४,००० रुपयांचा फरक. शिवाय तेव्हाचा १९७२ चा ग्रॅच्युइटी कायदा मॅनेजरलाही लागू होता, आणि ३० दिवसांत रक्कम दिली नाही तर व्याज द्यावं लागतं, हेही तुम्हीच सांगितलंत. आपल्यातल्या शिकल्यासवरल्या लोकांनी हा हिशोब एकदा तरी स्वतः करून बघावा, असं मला फार मनापासून वाटतं.

एक गोष्ट मी त्याच रात्री तुम्हाला सांगितली होती, इथेही सांगते. काही वर्षांपूर्वी आमच्या गेटवर कंत्राटी कामगार धरणं धरून बसले होते. मी कंपनीच्या बसचा पडदा ओढून आत गेले. त्यांचं म्हणणं काय, हे एकदाही विचारलं नाही. सांगताना मला रडू आलं. तुम्ही उपदेश केला नाहीत. म्हणालात, "ते लक्षात ठेव. आता पुढचं पान काढ."

पुढे तीन बैठका झाल्या, तिन्ही वेळा तुम्ही माझ्या शेजारी बसलात. आवाज एकदाही चढवला नाहीत, पण एकही आकडा सोडला नाहीत. नोकरी गेली ती गेलीच, त्याचं वाईट आजही वाटतं. पण नोटीसचा पगार, शिल्लक रजेचे पैसे आणि पूर्ण ग्रॅच्युइटी हातात पडली. 'वैयक्तिक कारणास्तव' हे शब्द माझ्या कुठल्याही कागदावर आले नाहीत. मुलीच्या इंजिनिअरिंगची फी त्याच पैशांतून भरली.

आता रबाळ्यात एका छोट्या लॅबमध्ये आहे. संघटनेची वर्गणी न चुकता भरते. तुमच्या टेबलावर फायलींचा ढीग वाढलाय म्हणे. येत्या शनिवारपासून मी येत जाईन, ग्रॅच्युइटीचे हिशोब माझ्याकडे द्या.

तुमची,
क्यूसीवाली