बाबा, गुडघ्याची तारीख घेतली आहे

तीर्थरूप आई-बाबांस शिरसाष्टांग नमस्कार,

बाबा, आधी पूर्ण वाचा, मग रागवा. दादा आणि मी डॉक्टरांशी बोलून १२ डिसेंबर ही तारीख घेतली आहे, उजव्या गुडघ्याच्या ऑपरेशनची. मी ५ तारखेला सांगलीत पोचते, जानेवारी संपेपर्यंत आहे. तिकीट काढलं. तुम्हाला न विचारता ठरवलं हे मनाला टोचतंय. पण फोनवर तुम्ही "बघू" म्हणता आणि मी गप्प बसते. तीन वर्षं हेच चाललंय.

गेल्या रविवारी अँटिटमला गेले होते, तुमच्या लाडक्या अमेरिकन यादवी युद्धाच्या रणभूमीवर. आमच्या फ्रेडरिकपासून गाडीनं पाऊण तास. तुम्ही ओसरीवर खडूनं पोटोमॅक नदी काढायचात, माझ्या भातुकलीतल्या वाट्या म्हणजे दक्षिणेचा सेनापती ली आणि उत्तरेचा, लिंकनचा सेनापती मॅक्लेलन यांच्या तुकड्या. आई ओरडायची, फरशी आत्ताच पुसलीय म्हणून. तो ओढा, तो दगडी पूल प्रत्यक्षात इतके लहान आहेत, बाबा! १७ सप्टेंबर १८६२ या एका दिवसात तिथे दोन्हीकडची मिळून सुमारे २३,००० माणसं मेली, जखमी झाली किंवा बेपत्ता झाली. पुलावर उभी होते आणि तुमचीच सारखी आठवण येत होती.

तुम्ही कायम मॅक्लेलनची बाजू घ्यायचात. त्याला आपल्या पोरांचं रक्त सांडायचं नव्हतं, म्हणायचात. ते खरंच आहे. १८६१ मध्ये बुल रनच्या लढाईत हरून विस्कटलेलं सैन्य चौतिसाव्या वर्षी त्यानं पुन्हा उभं केलं, सैनिकांचा त्याच्यावर जीव होता. पण यॉर्कटाउन आठवा. एप्रिल १८६२. समोर सुरुवातीला जेमतेम तेरा हजार माणसं, दक्षिणेचा मॅग्रुडर तीच तीच फिरवून दाखवत होता, आणि याला वाटलं अफाट फौज आहे. महिनाभर खंदक खणले, अवजड तोफा आणल्या. मारा सुरू होणार तोच शत्रू रातोरात निघून गेला होता. माणसं वाचवायला म्हणून घालवलेल्या त्याच महिन्यात दक्षिणेची राजधानी रिचमंडचा बचाव पक्का झाला. पुढे त्याच पोरांना तिथे कितीतरी जास्त रक्त सांडावं लागलं.

लिंकननं किती सोसलं! एका रात्री तो परराष्ट्रमंत्र्याला घेऊन मॅक्लेलनच्या घरी जाऊन बसला. हा लग्नाहून परतला, पाहुणे बसलेत हे कळूनही सरळ माडीवर जाऊन झोपला. लिंकन म्हणाला, ही वेळ मानपान बघायची नाही. यॉर्कटाउनच्या वेळी त्यानं लिहिलं की याहून जास्त जिव्हाळ्यानं मी तुम्हाला कधी लिहिलेलं नाही, पण तुम्ही पाऊल उचललंच पाहिजे. ते वाक्य तुम्हीच मला शिकवलंत, बाबा. आज तेच तुम्हाला लिहितेय.

अँटिटमनंतरही ली समोरून निघून गेला. ऑक्टोबरात लिंकन स्वतः छावणीत येऊन भेटला, तरी सैन्य हलेना. घोडे थकलेत असं कळवल्यावर त्यानं विचारलं, लढाईनंतर घोड्यांनी असं काय केलं की ते थकावेत? ५ नोव्हेंबरला मॅक्लेलनला दूर करण्याचा हुकूम निघाला. मला विचाराल तर फार उशिरा. लिंकनचा चांगुलपणाच आड आला, असं मला वाटतं.

तुम्ही मॅक्लेलन आहात असं म्हणत नाहीये. आत्याच्या वेळी रात्रभर एकटे बसलेले तुम्हीच होतात, तुम्हाला भित्रं कोण म्हणेल? पण आधी पावसाळा, मग दिवाळी, मग सोसायटीची सभा. डॉक्टर म्हणतात, दुखतो म्हणून पाय वापरला जात नाही आणि तो अजून अशक्त होतो. आणखी वर्षभर थांबलो तर सावरणं अवघड जाईल. लिंकननं पुढच्या एका सेनापतीला, मीडला, लिहिलेलं रागाचं पत्र पाठवलंच नव्हतं. माझंही ऑगस्टमधलं एक कपाटात आहे, ते तिथेच राहू दे. हे पत्र रागाचं नाही.

तुमच्या सोयीचं सगळं बघितलंय. खाट खालच्या खोलीत, खिडकीशी, म्हणजे जास्वंद दिसेल. कमोडची उंच सीट आणि वॉकर दादा आणतोय. पहाटेचा रेडिओ उशाशी राहील. रात्री मी तुमच्याच खोलीत झोपेन. लहानपणी गोवर आला तेव्हा तुम्ही माझ्या उशाशी बसून पाय चेपत होतात, ते अजून आठवतं.

आई, तू पोळ्यांना बाई लाव, "दोघांच्या कितीशा होतात" हे ऐकणार नाही. कंबरेला पट्टा बांध. त्या दिवसांत भेटायला येणाऱ्यांना चहा मी करीन. बाथरूममधली ती घसरणारी चटई आजच काढून टाक. बाबा, पूजा खुर्चीवर बसून करायची, देव रागावत नाहीत. जिना अजिबात चढायचा नाही. माळ्यावरचे नकाशे हवेत तर दादाला सांगा.

रक्ताच्या तपासण्या २ तारखेला. दादा सकाळी सातला गाडी घेऊन येईल. उपाशीपोटी जायचंय, त्यामुळे चहा तपासण्या झाल्यावर. आई, थर्मासमध्ये भरून बरोबर दे.

तुमची,
ठकू